कुटुंबाचे दप्तर : एक लाभदायक छंद

छंद म्हणजे फावल्या वेळाचा विरंगुळा, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात असतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, कोणी पक्ष्यांची पिसे. हे सारे छंद चांगलेच आहेत, व त्यांनी मुलांस निरीक्षणाची व नीटनेटकेपणाची सवय लागते. परंतु या सर्वांहून अल्पखर्चाचा, आणि ज्याचे साहित्य बाजारात विकत मिळत नाही असा एक छंद आहे. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. तो छंद म्हणजे आपल्या कुटुंबाच्या आठवणींची चिकटवही करणे हा होय. आम्ही तिला ‘कुटुंबाचे दप्तर’ असे नाव देतो.

इंग्रजीत अशा वहीस ‘स्क्रॅपबुक’ म्हणतात. स्क्रॅप म्हणजे तुकडा. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात या छंदास इतका भर आला की, मार्क ट्वेन या नावाने लिहिणाऱ्या प्रसिद्ध अमेरिकन विनोदी लेखकाने, पानांस आधीच गोंद लावून ठेवलेल्या चिकटवहीचे पेटंट १८७३ साली मिळविले. पान ओले केले की कात्रण चिकटले, अशी ती युक्ती होती. पुढे छायाचित्रण घरोघर पोचले आणि कात्रणांच्या शेजारी माणसांचे चेहरे येऊन बसले.

परंतु कागदांचे तुकडे जपून ठेवण्याची विद्या आपणांस परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. विद्यार्थी रोज ज्यास ‘दप्तर’ म्हणतात तो शब्दच पाहा. पाठीवरची पिशवी हा त्याचा अलीकडचा अर्थ. मूळ अर्थ कागदपत्रांचा संग्रह. जुन्या वाड्यांतून पत्रे, हिशेब, वतनाचे कागद हे सारे चौकोनी कापडात बांधून ठेवीत, व त्या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणत. पुण्यास पेशवे दप्तरात अशा रुमालांच्या राशीच्या राशी आहेत, आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत छापून निघाले.

आमच्या नरडाण्यापासून जवळच असलेल्या धुळ्याचा तर या विद्येशी विशेष ऋणानुबंध आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आपले अखेरचे दिवस धुळ्यास काढले व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या संग्रहाचा सांभाळ करू लागले. राजवाड्यांनी आयुष्यभर काय केले? गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत व पेट्यांत पडलेले कागद त्यांनी मागितले, वाचले, नकलून घेतले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले. ज्या पत्रांवरून आज पानिपताच्या मोहिमेचा इतिहास लिहिला जातो, त्यांतली कितीतरी पत्रे कोणा एका घरातील माणसाने फेकून न दिल्यामुळेच उरली. याच्या उलट, किती दप्तरे वाळवीने खाल्ली, किती पावसात कुजली, किती रद्दीच्या भावाने गेली, याची मोजदाद कोण करणार?

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, ती सरदारांची व कारकुनांची घरे. आमच्या घरी कसले आले दप्तर?” ही शंका अगदी रास्त आहे, आणि या लेखाचे खरे मर्मही तिच्यातच आहे. जुन्या काळी सर्वांचीच नोंद कोणी ठेवीत नसे. राजपुतांच्या घरी वंशावळीची वही घेऊन भाट येत. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्याय आपल्या नामावळीत यजमानाचे नाव, गाव व पूर्वजांची नावे लिहून घेत. जमीन असणाऱ्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरी लागे. पण जो दुसऱ्याच्या शेतात राबला, ज्याने रानात मोळ्या बांधल्या, ज्याने रस्त्याची खडी फोडली, त्याचे नाव कोणी लिहिले? आमच्या शाळेत शिकणाऱ्या अनेक मुलांचे पणजोबा अंगठा उठवीत. कित्येकांच्या पणजीचे नावही आज घरात कोणास सांगता येत नाही. ज्यांच्यासाठी कोणी भाट आला नाही, त्यांच्या घरचा पहिला भाट त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलाने अगर मुलीने व्हावे, हीच आमची इच्छा.

निरक्षर माणसाजवळ जतन करण्यासारखे काही नसते, हा समज किती खोटा आहे हे खानदेशानेच साऱ्या महाराष्ट्रास दाखवून दिले आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर बसताना त्या आपल्या बोलीत गाणी रचून म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून ठेविली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. त्यानंतर ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांच्या नजरेस पडले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज खानदेशातील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. विचार करा : घरातील एका साध्या वहीने केवढे धन राखले! ती गाणी कोणी उतरून घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच मातीस मिळाली असती, आणि आपले काय गेले हे आपणांस कळलेही नसते.

ख्रिस्ती समाजातही अशीच एक गोष्ट घडली. कविवर्य नारायण वामन टिळक यांच्या निधनानंतर त्यांचे चरित्र लिहावयाचे म्हणून चिरंजीव देवदत्त यांनी आपल्या आईकडे आठवणी लिहून मागितल्या. लक्ष्मीबाईंस शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते. लिहावयास त्या लग्नानंतर शिकल्या. तथापि त्यांनी घरगुती भाषेत ज्या आठवणी सांगितल्या, त्यांचीच ‘स्मृतिचित्रे’ झाली. त्यांचा पहिला भाग १९३४ साली निघाला व मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. मुलाने विचारले म्हणून आईने सांगितले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. आजीआजोबा पुष्कळदा आपण होऊन बोलत नाहीत. कोणी विचारील याची ते वाट पाहत असतात.

आता ही वही कशी करावी ते सांगतो.

प्रथम साहित्य शोधावे. घरातील जुनी ट्रंक, देवघराचा अगर बायबलाचा कोनाडा, आईच्या लुगड्यांची घडी, ही शोधाची मुख्य ठिकाणे. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, प्रगतिपुस्तक, नेमणुकीचा हुकूम, मनिऑर्डरीची पावती, रेल्वेचे तिकीट, कापूस विकल्याची पट्टी, दवाखान्याचा कागद, परगावाहून आलेले कार्ड, यांपैकी काहीही क्षुद्र मानू नये. ख्रिस्ती घरांत जुन्या बायबलाची पहिली व शेवटची कोरी पाने अवश्य पाहावीत. जन्म, बाप्तिस्मा, लग्न व मरण यांच्या तारखा तेथे लिहून ठेवण्याचा प्रघात पुष्कळ कुटुंबांत होता. मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी असतात. इतरांसही मार्ग आहेत : गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने कोतवाल बुक, व जमिनीचे सातबारे. वडील माणसांस बरोबर घेऊन, अर्ज करून यांची नक्कल मिळविता येते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला ऐन वेळी शोधत फिरणारी कुटुंबे आम्ही दरवर्षी पाहतो. ज्याच्या घरी दप्तर आहे, त्यास ही धावपळ पडत नाही. म्हणजे या छंदात मनाचा आनंद आहेच, पण रोकडा व्यवहारही आहे.

दुसरी गोष्ट, आठवणी विचारून लिहून घेणे. “आजी, तुझे आयुष्य सांग,” असे विचारले तर आजी हसेल व कामास लागेल. प्रश्न लहान व नेमका असावा. “पाणी कोणत्या विहिरीचे भरीत होता?” “लग्नात वऱ्हाड बैलगाडीने आले की आगगाडीने?” “१९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजत होते?” या शेवटच्या प्रश्नास बहुधा सुकडी, मिलो व खडी फोडण्याचे काम अशी उत्तरे येतील, आणि त्यांच्या मागोमाग अशा हकिकती येतील की ज्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. आजी अहिराणी बोलत असेल तर तिचे शब्द अहिराणीतच लिहावेत. ‘शुद्ध’ करू नयेत. कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, म्हणी, उखाणे हेही टिपून घ्यावे. गाय प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. आपल्या आजीच्या चार ओव्यांस कमी का लेखावे?

वृद्धांस सनावळी आठवत नाही, याने खचून जाऊ नये. “मोठा दुष्काळ पडला तेव्हा तुमचा बाप रांगत होता,” असे आजी म्हणाली की बापाचे जन्मवर्ष हाती आलेच. कागदांवरूनही काळ ओळखता येतो. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्याच्या सुमारास पूर्व खानदेशास जळगाव व पश्चिम खानदेशास धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तेव्हा एखाद्या बिनतारखेच्या दाखल्यावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असा छापील मथळा असेल, तर तो फॉर्म केव्हाचा असावा याचा अंदाज करता येतो. हिशेब रुपये, आणे, पै यांत असेल तर तो बहुधा १९५७ पूर्वीचा. कारण त्या वर्षाच्या एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले. पत्रावर शके असेल तर त्यात ७८ मिळवावे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावे, म्हणजे इसवी सन मिळतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो तेवढा ध्यानात ठेवावा. इतिहाससंशोधक याच रीतीने काम करतात. एवढे गणित आमच्या आठवीच्या मुलांस सहज यावे.

तिसरी गोष्ट, मांडणी. डाव्या पानावर वस्तू व उजव्या पानावर तिची हकिकत, अशी सोय उत्तम. हकिकतीत पाच गोष्टी असाव्यात : हे काय आहे, कोणाचे आहे, केव्हाचे, कोठले, आणि ही माहिती कोणी सांगितली. छायाचित्रात दहा माणसे असतील तर दहांचीही नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. “आत्याच्या लग्नातील फोटो” एवढेच लिहिले तर पन्नास वर्षांनी आत्या कोणती, हे कोण सांगेल? वहीच्या आरंभी वंशवृक्ष काढावा व त्यात मुलींची, सुनांची व आज्यांच्या माहेरची नावे विसरू नयेत. जुन्या वंशावळींतून बहुतेक केवळ पुरुषांचीच नावे आढळतात. ती उणीव आपण पुन्हा करू नये.

चौथी गोष्ट, जतन. चांगल्या वस्तूचा नाश पुष्कळदा चांगल्या हेतूनेच होतो. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते व कागदावर कायमचा डाग ठेवते. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही व त्यास उष्णताही सोसावी लागते. चिकट पानांचे व वर प्लॅस्टिकचे आवरण असलेले आल्बम छायाचित्रांस धरून बसतात; ती काढताना फाटतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने लवकर पिवळा व ठिसूळ होतो. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर नक्कल काढून ती वहीत लावावी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरील अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात व ती आपोआप पुसट होतात. त्यांचीही नक्कलच ठेवावी. एके काळी आपल्या खानदेशात एरंडोल व यावल येथे हातकागद तयार होत असे. चिंध्यांपासून केलेला असा कागद व काजळाची शाई यांचे लेख शेकडो वर्षे टिकतात, मात्र पाण्यापासून ते जपावे लागतात.

खळ वापरावयाची तर ती मैद्याची पातळ करावी. जुने बुकबाइंडर तीत किडीसाठी मोरचूद घालीत. परंतु मोरचूद विषारी आहे व कागदासही बाधक आहे, म्हणून मुलांनी तो घालू नये. सर्वांत चांगली युक्ती म्हणजे मूळ वस्तूस खळ लावूच नये. जाड कागदाचे लहान त्रिकोणी कोपरे करून ते वहीस चिकटवावेत व त्यांत चित्राची चार टोके अडकवावीत. चित्र हवे तेव्हा काढता येते व मागील मजकूरही वाचता येतो. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. वही धुतलेल्या सुती कापडात बांधावी, जमिनीपासून व मातीच्या भिंतीपासून दूर ठेवावी, आणि पावसाळा संपला की सावलीत वारा दाखवावा. कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा तो पुरता वाळलेला असावा. ओल्या पाल्याने बुरशी येते. जुने लेखक पोथीच्या अखेरीस तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून तिचे रक्षण करावे अशी विनवणी लिहीत असत. तो उपदेश आजही शिळा झालेला नाही.

आजकाल छायाचित्रांची काय उणीव आहे, मोबाइलमध्ये हजारो आहेत, असे पालक म्हणतील. तीच तर अडचण आहे! हजारांत एकही सापडत नाही, आणि यंत्र हरवले अगर बिघडले की हजारही जातात. म्हणून दर वर्षी नाताळात, दिवाळीत अगर ईदेस, घरातील सर्वांनी एकत्र बसून त्या वर्षातील बारा चित्रे निवडावीत, छापून घ्यावीत व नावांसह वहीत लावावीत. आजीच्या आवाजाची ध्वनिफीत घेतली तर तिचा मजकूरही कागदावर उतरवावा, आणि एक प्रत दुसऱ्या नातलगाच्या घरी ठेवावी. मालमत्तेचे मूळ कागद मात्र वहीत कधीही लावू नयेत. ते वडिलांच्या ताब्यात सुरक्षित असावेत. वहीत नक्कल पुरे.

आता एक शेवटची व सर्वांत नाजूक गोष्ट. वही सत्याची असावी. प्रत्येक घरात कर्जाची, भांडणाची, दारूची, अकाली मृत्यूची काही पाने असतात. ती पाने पाहून पुष्कळजण वही मिटतात, अगर खोटा मोठेपणा लिहितात. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू येशूची वंशावळी दिली आहे. तीत अब्राहाम व दावीद यांसारखे थोर पुरुष आहेत, पण तामार आहे, राहाब आहे, परदेशातून आलेली गरीब विधवा रूथही आहे. लिहिणाऱ्याने ती नावे गाळली नाहीत. ज्यांची नावे जगाने गाळली असती त्यांनाही देवाच्या कार्यात वाटा होता, हे त्यावरून आपण शिकतो. तेव्हा ज्या आजोबांनी कर्ज काढून मुलास शिकविले, त्यांचे कर्ज लपवू नका. ते त्यांच्या प्रेमाचे मोजमाप आहे. मात्र जिवंत माणसाचे दुःख त्याच्या परवानगीवाचून लिहू नये, व कोणाचे गुपित चारचौघांत वाचून दाखवू नये. सत्य लिहिणे निराळे आणि चहाडी करणे निराळे.

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले व ते गिलगालात उभे केले. पुढे मुले विचारतील की या धोंड्यांचा अर्थ काय, तेव्हा बापांनी सांगावे, हा त्यामागील उद्देश होता. धोंडे मुके असतात. सांगणारा असेल तरच ते बोलतात. आपल्या घरातील जुने कागद व छायाचित्रे ही तशीच आहेत.

पालकहो, मुलाने वही घेऊन जवळ येऊन काही विचारले, तर “आता वेळ नाही” असे म्हणू नका. त्यास दहा मिनिटे द्या. विद्यार्थी-मित्रहो, तुम्हांसाठी आमचा उपदेश याहून थोडक्यात आहे : नव्या वर्षाची वाट पाहू नका, महागड्या वहीचीही नको. १९४२ साली नंदुरबारास शिरीषकुमार धारातीर्थी पडला आणि १९४४ साली आपल्या शिंदखेडे तालुक्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्या दिवसांची गोष्ट प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकण्याची संधी आता जवळजवळ सरली आहे. तुमच्या घरातील सर्वांत वृद्ध माणूस कोण, हे आज संध्याकाळी मनाशी ठरवा. शंभर पानी वही व पेन्सिल घेऊन त्यांच्या पायाशी बसा. आणि त्यांच्या आईचे नाव काय होते, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर मिळेल ते पहिल्या पानावर लिहा. एवढे झाले म्हणजे तुमच्या कुटुंबाचे दप्तर सुरू झाले.